मामीचे माहेर

आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांत, निबंधाच्या वह्यांत आणि महाविद्यालयांच्या वार्षिकांतही मे महिन्याची सुट्टी आली की मुलगा मामाच्या गावाला निघालेला असतो. गाडी, झाडी, आमराई, विहिरीतले पोहणे आणि परत निघताना डोळ्यांत पाणी. हे सगळे खरेच असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मामाचे गाव हे कुणाचे तरी राहते गाव असते. तिथे बारा महिने राहणाऱ्या मुलामुलींची सुट्टी कशी जाते, हा विषय अजून कुणी निबंधाला दिलेला माझ्या पाहण्यात नाही. आमचे गाव कोल्हापूर. निम्म्या महाराष्ट्राचा मामा इथे राहतो आणि उरलेल्या निम्म्याच्या कुणीतरी ओळखीचे इथे असतेच. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हां पेठेतल्या मुलांना आहे, असे मी समजते.

पाहुण्यांच्या बाबतीत कोल्हापूरची गोष्ट जरा वेगळी आहे. इतर गावांत पाहुणा माणसासाठी येतो. कोल्हापुरात तो देवीसाठी येतो आणि वाटेत त्याला माणूस लागतो. साडेतीन पीठांपैकी एक पीठ घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर असल्यावर दुसरे काय होणार? "मुद्दाम असं काही येत नाही, अंबाबाईचं दर्शन राहिलं होतं, म्हटलं तुम्हांलाही भेटावं," असे फोनवर सांगणारी मंडळी चार दिवस मुक्काम करतात. मुंबईकर महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी उतरतात, पुणेकर एस.टी.ने दुपारी, आणि सांगली-मिरजेचे कधीही. त्यात ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. मोफत झाली आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले. दोन्ही सवलती मला मनापासून पटतात. ज्या बायकांनी 'तिकिटाला पैसे कुठले' म्हणून वर्षानुवर्षे गावाची वेस ओलांडली नाही, त्या आता आपापल्या पिशव्या घेऊन बिनधास्त निघतात. फक्त ही सवलत देताना कोल्हापुरातल्या गाद्या किती, याची मोजदाद शासनाने केलेली दिसत नाही.

प्रथम किरकोळ त्रास सांगून टाकते. घरात जे कोणी कॉलेजात शिकत असेल ते सुट्टीत वाटाड्या होते, हा आमच्याकडचा अलिखित नियम. पहिल्या दिवशी अंबाबाई. रांगेत उभे असताना प्रत्येक पाहुणा किरणोत्सवाची चौकशी करतो. मावळतीची किरणे देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात ती जानेवारीच्या अखेरीस-फेब्रुवारीच्या आरंभी आणि पुन्हा नोव्हेंबरात. मे महिन्यात विचारणाऱ्याला मी सूर्य कुठून वळवून आणू? मग भवानी मंडप, मग चप्पल लाईन. तिथे "तुमच्या ओळखीचा दुकानदार नाही का?" हा प्रश्न ठरलेला. गावात राहिले म्हणजे गावातले सगळे दुकानदार आपले मामा लागतात, अशी बाहेरच्यांची समजूत असते. संध्याकाळी रंकाळा आणि भेळ. दुसऱ्या दिवशी जोतिबा करून पन्हाळा. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांबरोबर पन्हाळ्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेव्हापासून तर तिथे नेले नाही तर पाहुणचार अपुरा राहिला, असे पाहुण्यांच्या चेहऱ्यावर दिसते. सज्जा कोठी दाखवताना मला नेहमी वाटते, सिद्दी जौहरचा वेढा १६६० च्या मार्चपासून जुलैपर्यंत होता. आमच्या घराचा एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत असतो. महाराजांना निदान भर पावसात रात्री निसटून जाता आले.

भाषेचा त्रास निराळाच. आमच्याकडच्या मुली 'मी येतो', 'मी जेवलो', 'मी चाललो' म्हणतात, हे कोल्हापूरच्या वाचकांना सांगायला नको. लिहिताना आम्ही नीट 'येते, जाते' लिहितो, परंतु तोंडातून 'येतो'च निघते. माझी पुण्याची आतेबहीण हे ऐकून दर वर्षी तितक्याच ताजेपणाने हसते आणि मोबाईल पुढे धरून "परत म्हण ना, परत म्हण" असा आग्रह करते. मग 'नाद खुळा' म्हणून दाखवायचे, मग तांबडा आणि पांढरा रस्सा यांत फरक काय ते सांगायचे. भाषा ही एखाद्या गावाची ऐट असते तशी ती पाहुण्याची करमणूकही असते, हे समजायला भाषाविज्ञानाचा पेपर लागत नाही. मे महिन्यातली एक आतेबहीण पुरते.

आणि आर्ट्‌स. हा अंक वाचणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न खाल्लेला आहे, म्हणून लांबण लावत नाही. "बारावीला मार्क बरे होते ना? मग आर्ट्‌सला का?" हा प्रश्न मला विचारला जात नाही, माझ्यादेखत माझ्या वडिलांना विचारला जातो. जणू मी एखादे जुने घर आहे आणि विकायचे का नाही, हे मालकालाच विचारायला हवे. मग वडील खुर्चीत जरा सावरून "तिची आवड आहे," एवढेच म्हणतात. विचारणारा मान हलवतो. मान हलवण्याच्या त्या पद्धतीवर एक प्रबंध होईल.

बाथरूमची रांग, चार्जरवरून भांडणे, एका पंख्याखाली सात माणसे, पहाटे पाच वाजता पूजेची घंटा वाजवणारे आजोबा आणि रात्री दोनपर्यंत क्रिकेट पाहणारे त्यांचे नातू, हे सगळ्यांच्याच घरी असते. हे हसून सोडून द्यावे. त्यासाठी लेख लिहायचे कारण नव्हते.

लेखाचे कारण स्वयंपाकघरात आहे.

एप्रिल-मे म्हणजे कोल्हापुरात चटणीचे दिवस. बाहेरचे लोक चटणी म्हणजे ताटातली डावी बाजू समजतात. आमच्याकडे ती वर्षाची बेगमी असते. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी आणि लवंगी तिखटाला. मिरची निवडायची, देठ काढायचे, उन्हात खडखडीत वाळवायची. धणे, जिरे, तीळ, खोबरे आणि मसाले वेगवेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाचा भाजण्याचा वेळ वेगळा. मग ते डबे घेऊन डंकावर जायचे, नंबर लावायचा आणि आपल्या समोर कुटून घ्यायचे. शेवटी घरी आणून कांदा-लसूण घालून मळायची. हातांची आग दोन दिवस जात नाही. चटणी संपते न संपते तोच वाळवण सुरू. कुरडईचे गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा आणि चौथ्या दिवशी पहाटे उठून शिजवायचा. गरम चिकावर साखर आणि दूध घालून पोरांना वाट्या मिळतात. तेवढ्या दहा मिनिटांची आठवण आपल्याला जन्मभर पुरते, आणि म्हणून वाळवण म्हटले की आपण गहिवरतो. पण चीक शिजवताना लाकडी उलथन्याने तो सारखा ढवळावा लागतो. क्षणभर हात थांबला तर गुठळी होते. ते ढवळणाऱ्या हातांना कोणती आठवण राहते ते मी आईला विचारले होते. "खांद्याची," ती म्हणाली.

गच्चीवर जुन्या साड्यांवर कुरडया घातलेल्या असतात आणि नेमका त्या दिवशी चारच्या सुमारास पन्हाळ्याच्या बाजूने वळीव चढतो. धुळीचा लोट, मग तो वास, मग थेंब. सगळे घर जिन्यावर धावते. पाहुणेही धावतात, हे खरे. आणि ती पळापळ हीच खरी सुट्टी असे मलासुद्धा वाटते. ओल्या साड्यांची टोके धरून खाली येताना जो तो हसत असतो. नंतर दिवे जातात, मेणबत्तीच्या उजेडात सगळे गोल बसतात आणि कुणीतरी म्हणते, "आता गरम गरम भजी पाहिजेत." या वाक्याला कर्ता नसतो, हे व्याकरणाच्या तासाला कुणी शिकवत नाही. भजी पाहिजेत असे सर्वांनी ठरवले की त्या अंधारातून एकच सावली उठते.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या. एकतीस दिवसांपैकी सहा दिवस असे होते की घरात आम्हां चौघांखेरीज मुक्कामाला कोणी नव्हते. त्या सहांपैकी दोन दिवस चटणीचे होते. एकट्या आमच्या घराचे हे रडगाणे आहे, असे कुणाला वाटू नये म्हणून एक सरकारी आकडा देते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका शेकडा ८१ निघाल्या, पुरुष शेकडा २६. जे पुरुष हे काम करतात त्यांचा त्यातला वेळ दिवसाला सरासरी ९७ मिनिटे, बायकांचा २९९. म्हणजे जवळजवळ पाच तास. यात पाहुणे धरले होते की नाही हा भाग सोडून द्या. आमच्या घरी मे महिन्यात पाच तास सकाळच्या जेवणापर्यंतच संपतात.

आता त्या अगीनगाडीच्या गाण्याकडे वळते. ग. दि. माडगूळकरांचे ते गाणे पाठ नाही असा मराठी माणूस विरळा. त्यात मामाची बायको मोठी सुगरण आहे आणि ती रोज भाच्यांना गोडधोड करून घालते. लहानपणी ते गाणे म्हणताना मला फक्त गोडधोड दिसत असे. आता एक साधा प्रश्न पडतो: ही मामी मे महिन्यात स्वतःच्या घरी हजर कशी? तिलाही आई असेल, भाऊ असेल, तिच्याही मुलांना मामा असेल. तिची मुले त्यांच्या मामाच्या गावाला गेली आहेत का? गेली असतील तर कुणाबरोबर? गदिमांना दोष देण्याचे कारण नाही. गाणे मुलांच्या तोंडचे आहे आणि मुलांना ताटापलीकडचे दिसत नाही. परंतु आपण मोठे झालो तरी तेच गाणे गात राहिलो, त्याचे काय? बहिणाबाईंनी मात्र ही गोष्ट पुरती ओळखली होती. माहेराचे कौतुक करणाऱ्या सासुरवाशिणीकडून त्यांनी योग्याला जे उत्तर देवविले, त्याचा मथितार्थ असा की एकीचे माहेर उभे राहते ते दुसरीने सासर धरून ठेवल्यामुळे. आसोद्याच्या त्या न शिकलेल्या बाईने हा हिशेब मांडून शंभरएक वर्षे होत आली असतील. आपण तो अजून सोडवलेला नाही.

आमच्या घरचा हिशेब असा आहे. माझ्या दोन आत्ती, एक पुण्याला, एक सोलापूरला. दोघी मे महिन्यात माहेरपणाला येतात, म्हणजे आमच्या घरी. त्यांचा हक्कच आहे आणि तो मला शंभर टक्के मान्य आहे. वर्षभर नोकरी, सासू-सासरे, मुलांच्या परीक्षा यांत पिळून निघालेल्या बायका जिथे वाढल्या त्या घरात आठ दिवस दुपारी झोपल्या तर कुणाच्या पोटात दुखायचे कारण नाही. माझ्या आईचे माहेर आजरा तालुक्यातले. निपाणी-उत्तूर मार्गे गेले तर तीन तासांचा रस्ता, आणि आता तिकीट निम्मे. तिकडे या दिवसांत काजू असतो, करवंदे असतात, घनसाळ तांदळाचा भात असतो आणि शहात्तर वर्षांची तिची आई असते. आजीला एस.टी. फुकट आहे, पण गुडघ्यांना बसची पायरी चढवत नाही. तेव्हा भेट व्हायची तर आईनेच जायला हवे. गेल्या वर्षापूर्वीची चार वर्षे आई मे महिन्यात तिथे सलग दोन रात्रींपेक्षा जास्त राहिलेली नव्हती. "मी कुठं जातो आता? घर भरलंय," हे तिचे दरसालचे वाक्य.

यात एक कागद आहे, आणि माझ्या मते सगळ्या लेखाचे मर्म त्या कागदात आहे. मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने दिला आणि ९ सप्टेंबर २००५ पासून देशभराच्या कायद्याने. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वाटा आणखी पक्का केला. आणि तरीही गावोगाव काय चालते? वडील वारले की बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात. आईने केली, दोन्ही आत्तींनी केली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. आईला मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "जमीन घेतली असती तर दार बंद झालं असतं." म्हणजे या तिन्ही बायकांनी सात-बाऱ्यावरचा वाटा देऊन जे विकत घेतले ते एवढेच: भावाचे दार उघडे राहावे आणि वर्षातून आठ दिवस तिथे कुणीतरी त्यांच्यापुढे वाढलेले ताट ठेवावे. फार महागाचे ताट आहे ते. एवढी किंमत मोजून घेतलेले आठ दिवस आईला मिळत नाहीत, कारण त्याच आठ दिवसांत तिला नणंदांचे ताट वाढायचे असते. यात आत्ती दोषी नाहीत. त्यांनीही किंमत मोजली आहे. दोन प्रामाणिक हक्क एकाच चुलीशी येऊन भिडतात आणि चूल पेटवणारी मात्र एकच, अशी ही अडचण आहे.

यावर लोक दोन उपाय सुचवतात. एक, पाहुण्यांनी आता यात्री निवासात किंवा हॉटेलात उतरावे. पुष्कळ जण तसे करूही लागले आहेत. देवळाजवळ खोली घेतात, एक वेळ जेवायला येतात आणि मिठाईचा पुडा ठेवून जातात. आमच्या शेजारी तर दोन वर्षे कुणी मुक्कामाला आलेले नाही. त्यांच्या गच्चीवर वळीव येतो तेव्हा धावायला दोनच माणसे असतात. हा उपाय मला पसंत नाही. नातेवाइकांचा त्रास नको म्हणून नातेवाईकच नकोत, हे म्हणजे खांदा दुखतो म्हणून कुरडईच सोडून देण्यासारखे झाले. दुसरा उपाय वडीलधारी मंडळी सांगतात: "पूर्वी नाही का सगळं होत होतं?" होत होते, कारण पूर्वी त्याच घरात आजी, काकू, चुलत जाऊ, कामाला येणारी बाई अशी पाच-सहा जणींची फळी होती. एकत्र कुटुंब मोडले, फळीतल्या बाया वेगळ्या झाल्या. पाहुण्यांची संख्या मात्र एकत्र कुटुंबाचीच राहिली.

खरे म्हणजे पाहुण्यांची सोय कशी लावावी हे या गावाला शिकवण्याची गरज नाही. परगावच्या मुलांना कोल्हापुरात शिकता यावे म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा मुलांसाठी व्हिक्टोरिया बोर्डिंग सुरू केले आणि पुढे जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुले अशा एकेका समाजाची वसतिगृहे इथे उभी राहिली. विद्यार्थी वसतिगृहांची जननी असे या शहराला म्हणतात. महाराजांनी त्या वेळी जागा दिल्या, पैशांची सोय केली, समाजाला हिशेबात ओढले. 'आमच्याकडे या' असे नुसते म्हणून सगळा भार एखाद्या वहिनीच्या ओच्यात टाकला नाही. इतिहासाचे प्राध्यापक म्हणतील की ही तुलना ओढूनताणून आहे. असेल. पण पाहुणचाराला मनाच्या मोठेपणाबरोबर कामाची वाटणीही लागते, हे त्या वसतिगृहांकडे पाहून कळते, एवढेच मला म्हणायचे आहे.

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी ही वाटणी करून पाहिली. आई नऊ दिवस आजऱ्याला, घरी वडील, माझा भाऊ, मी आणि त्याच आठवड्यात दोन मुलांसह पुण्याची आत्ती. आधी तिला फोन करून स्पष्ट सांगितले होते. तिला ते आवडले नाही. "वहिनी नाही तर मी येऊन करू काय तिथं?" तिचे म्हणणे मला नंतर पटले, पण अर्धेच. आत्तीला आईच्या हातची आमटी हवी असते, हे एक. आणि दुपारी भांडी झाली की आईशेजारी आडवे पडून सासरचे सगळे बोलायचे असते, हे दुसरे. आमटीची जागा आम्ही घेऊ शकतो, दुसऱ्या गोष्टीची नाही. म्हणजे माहेरपणाला येणाऱ्या बाईला वहिनी हवी असते ती नुसती स्वयंपाकीण म्हणून नव्हे. मात्र वहिनी मोकळी असेल तरच ती आडवी पडून ऐकणार ना?

ते नऊ दिवस काही फार थाटात गेले नाहीत. भावाच्या भाकऱ्या महाराष्ट्राच्या नकाशासारख्या होत. विदर्भ नेहमी जाड. वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा पिठले केले आणि ते चांगले झाले म्हणून सलग तीन दिवस केले. दोनदा मिसळ बाहेरून आणली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो आत्ती पदर खोचून ओट्याशी उभी. "बसवत नाही गं मला," ती म्हणाली. पाहुणी बाई ओट्याशी आणि घरातला पुरुष पेपर वाचत, हे पाहून वडील प्रथमच ओशाळल्यासारखे दिसले. त्यांनी तिच्या हातातली कढई घेतली. "बस की ताई, मी करतो." आत्तीने कढई सोडली नाही. ओढाताणीत फोडणी करपली, दोघे बहीण-भाऊ खोकत गच्चीवर गेले आणि अर्धा तास खाली आले नाहीत. काय बोलले ते मला ठाऊक नाही. लहानपणी ते दोघे त्याच गच्चीवर झोपत असत.

आजऱ्याहून आई आली ती काळवंडलेली आणि खूश. तिथे ती दुपारी झोपत होती, आजीच्या पायांना तेल चोळत होती, आणि रोज रात्री फोन करून "दूध तापवलंस का?" विचारत होती. परंतु येताना ती एक गोष्ट घेऊन आली, जी माझ्या सगळ्या युक्तिवादाला अपुरी ठरवते. त्या नऊ दिवसांत तिचे ताट वाढत होती माझी मामी. मामीचे माहेर चंदगडकडचे. काजूचा हंगाम, घरात सासू थकलेली, वर नणंद माहेरपणाला आलेली. मामी कुठे जाणार? आई कोल्हापुरातून सुटली ती मामीला आजऱ्यात बांधून. आणि चंदगडला मामीची वहिनी कुणाला तरी वाढत असेलच. ही साखळी गावोगाव अशीच गेलेली आहे. एका घरातल्या एका मुलीने आईला बसमध्ये बसवून दिल्याने ती तुटत नाही. प्रत्येक घरातल्या दादल्याने आणि पोरग्याने आपापली कढई उचलली तरच ती जरा सैल होईल. घरातल्या मुलींनी हातभार लावावा हे सांगण्यात अर्थ नाही. तो तर त्या न सांगता लावतातच, आणि पुढे त्यांच्यातूनच मामी तयार होते.

आईने हे मामाजवळ बोलून दाखवले. मामा रागावला नाही, पण "तिला कोण अडवलंय?" म्हणाला. अडवले कुणीच नसते. तरी जाता येत नाही. मग आईनेच तोडगा काढला की यंदा ती आजऱ्याला पोचली की दुसऱ्या दिवशी मामीने चंदगडला जायचे, आणि आजीचे पथ्य आई पाहील, बाकी घराचा स्वयंपाक मामा आणि त्याचे दोन मुलगे. पुण्याच्या आत्तीला पहिला आठवडा दिला आहे, म्हणजे ती आणि आई चार दिवस बरोबर राहतील. सोलापूरच्या आत्तीचा निरोप अजून आलेला नाही. चटणी एप्रिलमध्येच उरकायची आणि मिरचीचे देठ काढायला भावाला बसवायचे ठरले आहे. मामीच्या जाण्याचे मात्र नक्की नाही. काजू उरकले तर ती जाईल, लांबले तर कदाचित राहीलही. परवा रात्री मामाचा फोन आला होता. त्याने आईला दे म्हटले नाही. वडिलांशी बोलायचे होते. पिठल्याला पाणी किती घालायचे आणि ते आधी घालायचे की पीठ आधी, एवढेच त्याला विचारायचे होते.